वाणीचं तप आणि जुनं घड्याळ

आज गीता १७.१५. बोलणं खरं हवं, प्रिय हवं, हिताचंही हवं.

काल शहागंजला एका चाचांकडे चावीचं एचएमटी 'जनता' बघितलं. "डायल नंतर रंगवलेली आहे, म्हणून स्वस्तात देतो," ते म्हणाले. भिंगातून पाहिलं. रंगवलेल्या डायलवर अक्षरं बहुधा जाड, फिसकटलेली असतात. ही बारीक, रेखीव. म्हणजे मूळचीच! मागचं झाकण उघडलं, मशीनला गंज नाही. (केसच्या चमकेला भुलू नका, पॉलिश कुणीही करतं.)

गप्प बसणं म्हणजे खोटं बोलणं का? त्यांनी विचारलंच नव्हतं ना. पण त्यात हित फक्त माझं होतं. सांगून टाकलं. चाचांनी भिंग मागून घेतलं, बराच वेळ पाहिलं आणि तीनशे रुपये वाढवले. तरी घेतलं.

घरी आईने किंमत विचारली, तेव्हा मात्र मी चावी देत बसलो.