बातमीचा मुक्काम

१० ऑक्टोबर १९४५ ची गोष्ट. तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या उंबरगाव तालुक्यात, तलवाड्याला, हजारो वारली जमले होते. गोदूताई येणार आहेत, सभा आहे, असा निरोप पाड्यापाड्यांवर पोचला होता. निरोप खोटा होता. गोदूताई, म्हणजे वारल्यांच्या चळवळीच्या कार्यकर्त्या गोदावरी परुळेकर, तिथे नव्हत्याच. इकडे वारल्यांना बोलावणं धाडायचं आणि तिकडे सरकारला कळवायचं की हे लोक दंगा करायला जमलेत, असा हा जमीनदारांचा डाव होता, हे गोदावरीबाईंनी पुढे लिहून ठेवलं. पोलिसांनी गोळीबार केला. जेठ्या गांगड आणि आणखी चार वारली मारले गेले.

त्यानंतर पाऊणशे वर्षांनी, १६ एप्रिल २०२० च्या रात्री, टाळेबंदीत डहाणू तालुक्यातल्या गडचिंचले गावाजवळ दोन साधू आणि त्यांचा चालक जमावाच्या हाती सापडले. मुलं पळवणारे, अवयव चोरणारे लोक रात्री फिरतात, अशी आवई त्या पट्ट्यात उठली होती. पोलिसांच्या डोळ्यांदेखत तिघांचाही जीव गेला.

दोन्ही घटनांचा काळ वेगळा, मारणारे वेगळे, मरणारे वेगळे. पण दोन्हींच्या मुळाशी कुणीही पडताळून न पाहिलेली बातमी होती. म्हणून डहाणू-तलासरीच्या संदर्भात शोधपत्रकारितेचा विचार करताना मला तो माध्यमांच्या शिष्टाचारापुरता वाटत नाही. इथे खऱ्याखोट्याच्या निवाड्यावर माणसांचे जीव अवलंबून असतात. हा निवाडा करायची रीत या मुलखात कशी घडली आणि टीव्हीच्या काळात तिचं काय झालं, हे नीट पाहायला हवं.

इथल्या आदिवासींची पहिली ठळक चौकशी सरकारीच होती. १९३७ मध्ये मुंबई प्रांतात काँग्रेसचं मंत्रिमंडळ आलं आणि सिमिंग्टन नावाच्या सनदी अधिकाऱ्याकडे आदिवासी भागाच्या पाहणीचं काम सोपवलं गेलं. वेठबिगार कशी चालते, लग्नासाठी काढलेल्या कर्जापायी माणूस बायकोसकट ‘लग्नगडी’ होऊन सावकाराच्या दारात कसा राबतो, हे त्यांच्या अहवालात आलं. अहवालाची ताकद मोठी होती, मर्यादाही तेवढीच. ज्यांच्याविषयी तो लिहिला गेला त्यांना तो वाचता येत नव्हता. वेठ चालूच राहिली.

गोदावरी परुळेकरांनी या चौकशीची दिशा फिरवली. जानेवारी १९४५ मध्ये टिटवाळ्याच्या किसान परिषदेला काही वारली आले आणि आपल्या मुलखात या, म्हणाले. त्याच वर्षी २३ मे रोजी झरीला परिषद भरली. आज हे गाव तलासरी तालुक्यात आहे. वेठ करायची नाही, ठरल्या मजुरीशिवाय जमीनदाराच्या शेतावर जायचं नाही, हा निर्धार तिथे झाला. गोदावरीबाई मूळच्या पुण्याच्या, कायदा शिकलेल्या. पण त्यांनी वारल्यांच्या झोपड्यांत मुक्काम केला, जे शिजेल ते खाल्लं, पायी फिरल्या आणि ऐकत राहिल्या. १९७० साली आलेल्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकाला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. ते पुस्तक अशा मुक्कामांतून आलेलं आहे. त्या पत्रकार नव्हत्या, चळवळीच्या कार्यकर्त्या होत्या, त्यांची बाजू ठरलेली होती. तरीही शोध घेण्याची एक कसोटी त्यांनी घालून दिली असं मी मानतो: ज्याच्याविषयी सांगायचं त्याच्याजवळ थांबायचं, आणि सांगून झाल्यावर निघून जायचं नाही.

पुढे शोध वर्तमानपत्रांकडे आला. १९८१ मध्ये इंडियन एक्सप्रेसमधल्या अरुण शौरींच्या लेखामुळे सिमेंट प्रकरण बाहेर आलं आणि पुढच्या जानेवारीत मुख्यमंत्री अ. र. अंतुले यांना पायउतार व्हावं लागलं. बातमी सत्ता हलवू शकते, हे महाराष्ट्राने तेव्हा पाहिलं. १९८१ मध्येच त्याच पत्राच्या अश्विनी सरीन यांनी बायकांचा बाजार उघडकीला आणण्यासाठी एक स्त्री विकत घेतली. त्यावरून विजय तेंडुलकरांनी ‘कमला’ लिहिलं. नाटकातला पत्रकार जयसिंग जाधव कमलाला पत्रकार परिषदेत उभी करतो. अन्याय सिद्ध होतो, जाधवचं नाव होतं, पण त्या बाईचं पुढे काय, हा प्रश्न त्याला पडत नाही. तो पडतो त्याच्या बायकोला, सरिताला. मराठी वृत्तवाहिन्या यायच्या पंचवीसेक वर्षं आधी मराठी रंगभूमीने हा प्रश्न विचारून ठेवला होता.

मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं. सरकारी दूरदर्शनवर शेती आली, नाटकं आली, बातम्याही आल्या, पण सरकारला अडचणीत आणणारा शोध तिथे रुजणं अवघडच होतं. १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रसारणाच्या लहरी ही जनतेची मालमत्ता आहे, त्यांवर सरकारची मक्तेदारी असू शकत नाही, असा निकाल दिला. पुढे २००७-०८ च्या सुमारास झी चोवीस तास, स्टार माझा, आयबीएन लोकमत अशा चोवीस तास बातम्या देणाऱ्या मराठी वाहिन्या उभ्या राहिल्या. तोवर छुप्या कॅमेऱ्याचा जमाना आला होता. २००१ मध्ये तहलकाने संरक्षण खरेदीतली लाचखोरी दाखवली. २००५ मध्ये संसदेत प्रश्न विचारण्यासाठी पैसे घेताना खासदार पडद्यावर दिसले आणि त्यांतल्या ११ जणांची हकालपट्टी झाली.

पण हेच साधन दोनच वर्षांत उलटलं. २००७ मध्ये दिल्लीतल्या एका शिक्षिकेवर बनावट छुप्या चित्रणातून घाणेरडा आरोप झाला. जमावाने शाळेत घुसून तिला मारहाण केली. चित्रण खोटं असल्याचं नंतर उघड झालं, वाहिनीवर महिनाभराची बंदी आली. तलवाड्याला खोटा निरोप माणसं घेऊन गेली होती, इथे तो उपग्रहाने पोचवला. पाड्यावरच्या आवईपेक्षा पडद्यावरची आवई जास्त घातक, कारण तिच्या अंगावर पुराव्याचे कपडे असतात.

टीव्हीने दिलं ते मात्र नाकारता येणार नाही. अहवालाला चेहरा नसतो, कॅमेऱ्याला असतो. २०१६ मध्ये याच आदिवासी पट्ट्यातल्या मोखाड्यात कुपोषित बालकाच्या मृत्यूनंतर आदिवासी विकास मंत्री विष्णू सवरा उशिराने भेटीला गेले. त्या घरातला संताप आणि मंत्र्यांचं असंवेदनशील उत्तर कॅमेऱ्यात आलं आणि राज्यभर पोचलं. १९९२ मध्ये जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीचे बालमृत्यू वर्तमानपत्रांतून गाजले होते. तेव्हा वाचकाने आकडे वाचले. २०१६ मध्ये प्रेक्षकाने आईच्या तोंडून जाब ऐकला. ज्या बाईला मंत्रालयात कुणी खुर्ची दिली नसती, तिचा प्रश्न घरोघरी गेला. टीव्हीवरच्या शोधाचं याहून मोठं समर्थन दुसरं नाही.

मग गडचिंचलेत काय चुकलं? घटनेच्या दोन दिवस आधी, त्याच परिसरातल्या सारणी गावात, टाळेबंदीत मदतीसाठी गेलेल्या एका डॉक्टरांच्या पथकावर जमावाने हल्ला केला होता. ते साधू नव्हते. त्यांना सोडवायला गेलेल्या पोलिसांवरही दगडफेक झाली. हा एक तपशील समोर ठेवला असता तरी या जमावाला माणसाचा धर्म दिसत नव्हता, रात्रीची अनोळखी गाडी दिसत होती, हे लक्षात आलं असतं. आणि त्याहून गंभीर प्रश्न पुढे आले असते: सारणीनंतर दोन दिवसांत आवई मोडून काढायला गावोगाव कोण गेलं? पोलिसांची कुमक कुठे होती? पण अनेक स्टुडिओंत निकाल आधीच लागला होता, धर्माचा रंग चढला होता. अखेर २२ एप्रिलला गृहमंत्री अनिल देशमुख यांना अटकेतल्या १०१ जणांत एकही मुस्लिम नाही, हे यादीसह सांगावं लागलं. सारणीचं नाव शोधायला छुपा कॅमेरा लागत नव्हता. कासा पोलीस ठाण्याच्या हद्दीत दोन दिवस फिरून पाड्यांवर विचारपूस केली असती तरी पुरे होतं, आणि काही पत्रकारांनी ती केलीही. त्यांचा आवाज रात्रीच्या वादात बुडाला.

असाच थांबून घ्यायचा शोध किनाऱ्यावरही हवा आहे. २०२० च्याच डिसेंबरात डहाणूच्या किनाऱ्यावरच्या नियोजित वाढवण बंदराच्या विरोधात झाईपासून मुंबईच्या कफ परेडपर्यंतच्या मच्छीमार गावांनी बंद पाळला. तलासरी तालुक्यातलं झाई हे महाराष्ट्राच्या किनाऱ्याचं उत्तर टोक, पुढे आता गुजरातेत असलेलं उंबरगाव. १९९१ मध्ये केंद्राने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक ठरवला. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानुसार १९९६ मध्ये न्या. चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली प्राधिकरण नेमलं गेलं. १९९८ मध्ये त्याने बंदर नाकारलं. त्याच प्राधिकरणाने, धर्माधिकारींच्या निधनानंतर, २०२३ मध्ये परवानगी दिली. ३० ऑगस्ट २०२४ ला ७६ हजार कोटींहून मोठ्या खर्चाच्या या बंदराचं भूमिपूजन पंतप्रधानांच्या हस्ते झालं. बंदर व्हावं की नाही, यावर मतं दोन असू शकतात. पण १९९८ चं ‘नाही’ २०२३ मध्ये ‘हो’ कसं झालं, मधल्या काळात समुद्र बदलला की कागद, भरावाने प्रवाह कुठे वळतील, मासेमारीची डोल जाळी लावणाऱ्याने उद्या कुठे जायचं, हे प्रश्न तासाभराच्या कार्यक्रमात मावणारे नाहीत. ते वर्षभर धरून ठेवावे लागतात, कागद मागवावे लागतात, भरती-ओहोटी पाहावी लागते. यात आरडाओरडा नाही, म्हणून यावर रात्री वाद रंगत नाहीत.

वाहिन्यांच्या अडचणी खऱ्या आहेत. जाहिरातीचं गणित आहे, प्रेक्षकसंख्येची मोजणी आहे, तालुक्याच्या वार्ताहराला बातमीमागे मिळणारे तुटपुंजे पैसे आहेत. तिथेच हात घालायला हवा. तलासरीच्या वार्ताहराला पगार द्या आणि एका विषयावर महिनाभर राहायची मुभा द्या. वारली आणि किनाऱ्यावरची बोली समजणाऱ्या तरुणांच्या हाती कॅमेरा द्या. ज्या गावावर कार्यक्रम केला त्या गावात तो दाखवा, लोक काय म्हणतात ते ऐका आणि चूक निघाली तर तेवढ्याच वेळेला, तेवढ्याच आवाजात दुरुस्त करा. आणि आपण प्रेक्षकांनी, ज्याने आधी सांगितलं त्याच्यापेक्षा ज्याने जाऊन पाहिलं त्याच्यावर भरवसा ठेवायची सवय लावून घेऊ. खोट्या निरोपाला या मुलखाने दोनदा माणसं दिली आहेत. तिसऱ्यांदा तसं होऊ न देणं हे पोलिसांइतकंच कॅमेरा हाती असलेल्यांचंही काम आहे.