मुद्दल कोणते?

गेल्या कार्तिकात डोंबिवलीस एका सप्ताहात आमची कीर्तनसेवा होती. आरती झाली, बुक्का लावून झाला, मंडळी पांगली. तरी एक तिशीच्या आतला मुलगा खांबाशी उभाच. जवळ येऊन पाया पडला नि म्हणाला, "बुवा, एक विचारू का? पण कीर्तनातलं उत्तर नको."

त्याचे म्हणणे असे. ठाण्यास वागळे इस्टेटीत एका कचेरीत तो कामाला आहे. लोकांनी मोबाइलवरून घेतलेली लहानसहान कर्जे थकली की फोन करून वसूल करायची, हे काम. पगार बरा. वडील आजारी, जागेचा हप्ता चालू, धाकटी बहीण शिकते आहे. सकाळी ८ पूर्वी नि संध्याकाळी ७ नंतर असे फोन करू नयेत, कर्जदाराच्या घरच्यांना वा स्नेह्यांना छळू नये, असे रिझर्व्ह बँकेने १२ ऑगस्ट २०२२ च्या परिपत्रकात बजावले आहे. याच्या कचेरीत मात्र नातलगांच्या नंबरांची यादीच हाती देतात. एके दिवशी त्याने एका बाईच्या सासऱ्यांना फोन लावला. त्या रात्री त्याला घास गिळेना. "सोडू का नोकरी?"

आम्ही काय सांगितले? पांडुरंग मार्ग दाखवील, असे पुटपुटून कल्याणची लोकल गाठली. पारनाक्याला घरी पोचेपर्यंत आमची आम्हांसच लाज वाटू लागली. वैद्याने नाडी न पाहता 'देव बरं करील' म्हणावे, तसलाच हा प्रकार.

हल्लीची शिकलेली मुले म्हणतात, माणसाने आपली मूल्ये ओळखावीत नि त्यावरून धंदा-नोकरी ठरवावी. शब्द चांगला आहे. पण पाठशाळेत आम्ही मूल्य म्हणजे किंमत असे शिकलो. व्याकरणात तो 'मूल' या शब्दावरून साधतात, आणि मूल म्हणजे मुळी, तसेच भांडवलही. ज्याला आपण मुद्दल म्हणतो. तेव्हा प्रश्न इतकाच की तुझे मुद्दल कोणते? व्याज गेले तर चालेल, पण जे गेल्यावर दुकानच बुडाले म्हणावे, असे तुझ्यापाशी काय आहे?

वसुलीचा विषय निघाला की वारकऱ्याला देहू आठवणारच. तुकोबांच्या घरी वाण्याचा व्यापार होता, महाजनकी होती, सावकारी होती. इ. स. १६३० च्या सुमाराच्या दुष्काळात त्यांची थोरली बायको गेली, मूल गेले. पुढे लोकांकडील येण्याची खते त्यांनी इंद्रायणीत सोडली. हे आम्ही शेकडो वेळा रंगवून सांगितले असेल. मात्र परंपरेच्या कथेतली एक गोष्ट आम्ही घाईत उरकतो. तुकोबांनी सारी खते नाही बुडवली. आधी वाटणी केली. अर्धी धाकट्या भावाच्या, कान्होबाच्या हाती दिली, आणि आपल्या वाट्याची तेवढी पाण्यात सोडली. कान्होबाच्या हिश्शाला त्यांनी हात लावला नाही. आपले मुद्दल राखण्यासाठी दुसऱ्याचा वाटा आपण बुडवू शकत नाही, हे त्यांना पक्के ठाऊक होते.

आणि आवलीबाई? कीर्तनात त्यांना कजाग म्हणून आम्ही हशा पिकवतो. चूल पेटवायची कुणी होती हो? त्यागाची किंमत त्यांनी रोजच्या रोज चुकती केली. आता म्हातारपणी तो हशा आमच्या घशात अडकतो.

कुणी म्हणेल, सावतोबांनी मळा सोडला नाही, गोरोबांनी चाक सोडले नाही, तर याने तरी कचेरी का सोडावी? हा दाखला आम्हांस पटत नाही. मळ्याने कुणाच्या सासऱ्याला दमदाटी केली नव्हती. थकलेले पैसे मागणे पाप नव्हे; पाप त्या यादीत आहे.

आमच्या कल्याणचेच उदाहरण घ्या. आनंदीबाई जोशी यांचा जन्म इथला, १८६५ चा. लहान वयात पोटचे मूल दहा दिवसांत गेले, आणि त्यांनी डॉक्टर व्हायचे मनात घेतले. १८८३ साली श्रीरामपूरला — बंगालमधले श्रीरामपूर, आपले नगरचे नव्हे — भर सभेत त्यांनी दोन गोष्टी सांगून टाकल्या. या देशात स्त्री-डॉक्टरांची गरज आहे म्हणून जाते. आणि हिंदू म्हणून जाईन, हिंदू म्हणूनच परत येईन. जहाजात पाय ठेवण्याआधीच मुद्दल ठरले होते. बाकी देश बदलला, हवा बदलली, त्यांनी सोसले. ११ मार्च १८८६ ला पदवी मिळाली. २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात त्या गेल्या. वय बावीसही पुरे नव्हते. रोगी तपासायला दिवस मिळालेच नाहीत. एवढे करून मिळाले काय, असे विचारणाऱ्याला आम्हांजवळ उत्तर नाही, आणि खोटे उत्तर द्यायचेही नाही.

आमची गोष्ट सांगायची तर पंचवीसेक वर्षांपूर्वी एका धनिकाने कीर्तन ठेवले, आणि मध्यंतरात आपली स्तुती व्हावी अशी इच्छा कळवली. लोकांच्या जमिनी त्याने कशा घेतल्या ते आम्हांस माहीत होते. घरी मुलीचे लग्न होते. आम्ही गळ्यात वीणा असताना त्याला दानशूर म्हटले. बिदागी दुप्पट मिळाली. लग्न नीट पार पडले, मुलगी सुखात आहे; पण ते वाक्य आमच्या कानातून अजून जात नाही.

हे सारे आठवल्यावर निजता येईना. सप्ताहाच्या मंडळींकडून नंबर घेऊन दुसऱ्या दिवशी आम्ही त्या मुलाला फोन केला. म्हटले, "बाळा, आजच राजीनामा देऊ नको. घरात चार माणसांचा वाटा आहे, त्यांना न विचारता नदीवर जाऊ नको. पण ती यादी उद्यापासून हातात घेऊ नको. घेत नाही म्हणून साहेबाला सांग, काय होतं ते बघ. आणि आईला सगळं सांग."

चार दिवसांनी त्याचा फोन आला. यादी त्याने परत केली होती. साहेबाने महिनाअखेर बघू म्हणून बजावले होते. आईला सांगितले तेव्हा ती काही बोलली नाही. दिवा लावला, पोथीजवळचे हप्त्याचे पुस्तक आणले, आणि म्हणाली, "किती उरलेत ते मोजून सांग."