पेढा की बर्फी?



आजच्या चिंतनाला श्वेताश्वतर उपनिषद, पाचवा अध्याय, दहावा मंत्र. अर्थ अगदी सरळ आहे. हा जीव स्त्री नाही, पुरुष नाही आणि नपुंसकही नाही. जे जे शरीर घेतो त्याच्याशी तो जोडला जातो, इतकंच. मूळ मंत्र ज्यांच्याकडे आहे त्यांनी एकदा मोठ्याने म्हणून बघा, दहा सेकंद लागतात.

खरं तर यावर चार ओळी लिहून मी मोकळा झालो असतो. देह वेगळा, आत्मा वेगळा, हे आपण इथे पन्नास वेळा वाचलंय. पण आमच्या वारज्यातल्या शनिवारच्या वाचनात हाच मंत्र निघाला आणि तिथे जे बोलणं झालं ते डोक्यातून जाईना. त्यात माझीही एक जुनी गोष्ट वर आली. ती आधी सांगतो.

काही वर्षांपूर्वी आमच्या टीमने हॉस्पिटलसाठी नोंदणीचं सॉफ्टवेअर केलं होतं. बाळाच्या नोंदणीचा फॉर्म मी लिहिला. लिंग: मुलगा किंवा मुलगी. भरल्याशिवाय फॉर्म सेव्ह होणार नाही. माझ्या दृष्टीने ती चांगली सवय होती, रिकामी जागा म्हणजे घाणेरडा डेटा. एके दिवशी सपोर्टला एक तक्रार आली. एक बाळ आहे, डॉक्टरांनी अजून काही सांगितलेलं नाही, तपासण्या चालू आहेत, फॉर्म पुढे जात नाहीये, काय करू? मी तक्रार बंद केली. शेरा लिहिला की सिस्टीम बरोबर चालते आहे, योग्य तो पर्याय निवडावा. त्यांनी काहीतरी निवडलं असणार, कारण तक्रार परत आली नाही. मी त्या दिवशी वेळेत घरी आलो, एवढं मला पक्कं आठवतंय.

तेव्हा मला इंटरसेक्स, म्हणजे आंतरलिंगी, हा शब्दसुद्धा माहीत नव्हता. सिग्नलला टाळी वाजवून पैसे मागणारे तृतीयपंथी आणि हे एकच, असं मी धरून चाललो होतो. ते एक नाही. तृतीयपंथी हा एक समाज आहे, त्यांची गुरू-चेल्याची परंपरा आहे, आणि त्यातल्या बहुतेकांचं शरीर जन्माच्या वेळी नेहमीसारखंच असतं. आंतरलिंगी म्हणजे ज्याचं शरीरच, गुणसूत्रं, ग्रंथी किंवा अवयव, आपल्या दोन चौकटींपैकी कुठल्याच एकीत पूर्ण बसत नाही. कधी ते जन्मताच दिसतं. कधी सोळा-सतरा वर्षांपर्यंत कळत नाही. मुलगी मोठी होते, पाळी येत नाही, तपासणीत एक्स-वाय गुणसूत्रं निघतात. शरीर पुरुषी संप्रेरकाला दादच देत नसतं, म्हणून ती बाहेरून पूर्ण मुलगी. कित्येकांना आयुष्यभर पत्ता लागत नाही.

आता महाराष्ट्रातल्याच दोन गोष्टी. दोन्ही पोलीस खात्यातल्या.

पहिली तुम्ही बातम्यांमध्ये वाचली असेल. बीड जिल्ह्यातल्या माजलगावचे ललित साळवे. महिला कॉन्स्टेबल म्हणून, ललिता या नावाने, भरती झाले. तपासणीत वाय गुणसूत्र आढळलं. 2017 मध्ये त्यांनी शस्त्रक्रियेसाठी रजा मागितली. खात्याने नाही म्हटलं. तुमची भरती महिला म्हणून आहे, पुरुषांचे निकष वेगळे. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं, मग सरकारने परवानगी दिली आणि 2018 च्या मे महिन्यात मुंबईच्या सेंट जॉर्ज रुग्णालयात पहिली शस्त्रक्रिया झाली. पुढे त्यांचं लग्न झालं, 2024 मध्ये मुलगा झाला.

दुसरी गोष्ट कमी लोकांना माहीत आहे. 2018 ची नाशिक ग्रामीण पोलीस भरती. एका मुलीने लेखी आणि मैदानी दोन्ही परीक्षा पास केल्या. वैद्यकीय तपासणीत कळलं की गर्भाशय नाही. पुढे गुणसूत्रांची तपासणी झाली आणि तिने या मुलीला ‘पुरुष’ ठरवलं. नोकरी अडकली. ही तर जन्मापासून मुलगी म्हणूनच वाढली, शाळेच्या दाखल्यापासून सगळीकडे मुलगी, आणि तिला स्वतःबद्दल कधी शंका नव्हती. ती न्यायालयात गेली. 2022 मध्ये न्यायमूर्ती रेवती मोहिते डेरे आणि माधव जामदार यांच्या खंडपीठाने सांगितलं की यात तिचा काही दोष नाही, आणि शिपाई सोडून खात्यातल्या दुसऱ्या पदावर तिला घेण्याबाबत सरकारने निर्णय घ्यावा.

माझ्यातला इंजिनियर इथे अडकला. इनपुट जवळपास सारखं. दोघंही महिला म्हणून भरतीला आलेले, दोघांचाही रिपोर्ट ‘पुरुष’ म्हणणारा. एकजण म्हणतो, बरोबर, मी पुरुषच आहे. दुसरी म्हणते, साफ चूक, मी बाईच आहे. आणि दोघंही खरं बोलतायत! म्हणजे ज्या रिपोर्टला आपण अंतिम पुरावा समजतो, त्याच्याकडे हे उत्तरच नाही. उत्तर त्या माणसाकडे आहे, आणि ते बोलता येईपर्यंत कुणाला कळणार नाही.

शनिवारी मी हे सगळं सांगितलं तर आमचे एक काका, मराठीचे निवृत्त शिक्षक, शांतपणे म्हणाले, “अरे, मंत्र सांगतोय ना, आत्म्याला लिंग नाही. विषय संपला. एवढा काथ्याकूट कशाला?” सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली असती. पण आमच्यातल्या एक ताई प्रसूती विभागात नर्स होत्या, त्या म्हणाल्या, “काका, आत्म्याला तापही येत नाही. तरी आपण क्रोसिन देतोच ना?”

मग त्यांनी सांगितलं ते ऐकून मी गप्प झालो. बाळ बाहेर आलं की दाराशी उभी असलेली माणसं आईची तब्येत नंतर विचारतात. आधी विचारतात, पेढा की बर्फी? आणि ज्या बाळाच्या बाबतीत हे लगेच सांगता येत नाही, तिथे आई-बाप हादरतात, आजी रडते, कुणीतरी म्हणतं कुणाला सांगू नका, आणि एकच घाई सुटते: डॉक्टर, काहीतरी एक करून टाका. ताईंनी एक गोष्ट मात्र स्पष्ट केली. यातल्या काही बाळांना तातडीने उपचार लागतात. एका प्रकारात शरीरातलं मीठ कमी होत जातं, औषध नाही दिलं तर जिवावर बेततं. तो उपचार थांबवायचाच नसतो. पण तो जीव वाचवण्यासाठी. नुसतं दिसणं जुळवण्यासाठी लहान बाळावर कात्री चालवणं ही वेगळी गोष्ट. ती कापाकापी परत उलटवता येत नाही, आणि ते बाळ उद्या ललित होईल की नाशिकची ती मुलगी, हे त्या क्षणी कुणालाच माहीत नसतं.

मद्रास उच्च न्यायालयाने 2019 मध्ये नेमकं हेच धरलं. आई-बापाची संमती म्हणजे बाळाची संमती नव्हे. तामिळनाडू सरकारने त्याच वर्षी, जिवाला धोका असल्याशिवाय अशा शस्त्रक्रियांना बंदी करणारा आदेश काढला. देशातलं पहिलं राज्य.

आता आपल्या ग्रंथांबद्दल. आपण अशा वेळी लगेच अर्धनारीश्वर पुढे करतो. घारापुरीला जाऊन फोटो काढतो, आपला धर्म किती मोठा म्हणतो. मोठा आहेच. ज्ञानोबांनी अमृतानुभवाची सुरुवातच शिव-शक्तीच्या अशा ऐक्याने केली की दोघांना वेगळं काढताच येऊ नये. पण प्रामाणिकपणे सगळंच वाचायचं तर मनुस्मृतीचा नववा अध्यायही वाचावा लागतो, जिथे क्लीबाला वडिलोपार्जित वाटा नाही, फक्त पोटापुरतं द्या असं आहे. आणि आपली गीता. दुसऱ्या अध्यायात, तिसऱ्याच श्लोकात भगवंत अर्जुनाला खडसावतात, क्लैब्य पत्करू नकोस. म्हणजे नपुंसकपणा, आणि तो धिक्कार म्हणून वापरलाय. नळस्टॉपला एखादा बाइकवाला दुसऱ्याला जी शिवी देतो, तिच्यापासून हा शब्द फार लांब नाही.

हा श्लोक मला बरीच वर्षं बोचायचा. अजूनही तो पूर्ण सुटलाय असं म्हणणार नाही. पण एक लक्षात आलं. हे ज्याला ऐकवलं जातंय तो अर्जुन थोड्याच काळापूर्वी विराटाच्या घरी बृहन्नडा होऊन राहिला होता. वर्षभर. उत्तरेला नाच-गाणं शिकवत. आणि राजाने त्याला अंतःपुरात पाठवण्याआधी खात्री करून घेतली होती, हा खरंच पुरुष नाही ना म्हणून. (वैद्यकीय तपासणी तेव्हाही चुकली नाही बघा.) त्याच बृहन्नडेने उत्तराचा रथ हाकला आणि कौरवांच्या सगळ्या सेनेसमोर उभं राहून गाई सोडवून आणल्या. म्हणजे बृहन्नडा असताना तो जराही कच खात नव्हता. आणि कुरुक्षेत्रावर, पुरता पुरुष, अंगात कवच, हातात गांडीव, तेव्हा हातपाय गळाले. देवाने ज्याला क्लैब्य म्हटलं ते शरीरात नव्हतंच. तरी शब्द शरीराचाच वापरला गेला, आणि ज्यांचं शरीर तसं आहे त्यांना तो ऐकावा लागतो. दोन्ही खरं आहे. कीर्तनात या श्लोकावर हशा पिकवणाऱ्यांनी समोर कोण बसलंय याचा जरा विचार करावा, एवढं मात्र मला वाटतं.

काकांनी निघताना एक सुंदर गोष्ट सांगितली, त्यांचा विषयच तो. म्हणाले, आपल्या मराठीत बघ, बाळ ‘तो’ नाही, ‘ती’ नाही. ते बाळ. ते मूल. ते रडतं, ते हसतं. भाषेने त्याला आधीच जागा करून ठेवलीये, आणि ती जागा कमीपणाची नाही. पुढे ते काय होईल ते होईल, तोवर ‘ते’. मग स्वतःच थांबून म्हणाले, “आणि ब्रह्मसुद्धा नपुंसकलिंगीच रे. ते ब्रह्म.” मघाशी विषय संपवणारे काका माळवाडीच्या रिक्षास्टँडपर्यंत यावरच बोलत आले.

घरी येऊन मी जुना लॅपटॉप काढला. ती कंपनी मी कधीच सोडलीये, त्या कोडला मला आता हात लावता येत नाही. तिथे अजून काम करणाऱ्या एका मित्राला रात्री मेसेज केला की त्या फॉर्ममध्ये ‘अजून निश्चित नाही’ असा पर्याय टाकता येईल का आणि सक्ती काढता येईल का. तो म्हणाला, रिक्वायरमेंट कोणी दिली? मी म्हटलं, मीच देतोय, सात वर्षं उशिरा. त्याने हसण्याचा इमोजी पाठवला, मग म्हणाला, सोमवारी बघतो.

ते मूल आता दुसरीत असेल. शाळेत प्रार्थनेला मुलांची एक रांग असते आणि मुलींची एक. माझ्या फॉर्मने त्याला कुठल्या रांगेत उभं केलंय मला माहीत नाही.

राम कृष्ण हरी.