कारणं सांगू नकोस

शाळेत उशीर झाला की बाई विचारायच्या, "उशीर का झाला?" आणि आपण तोंड उघडतो न उघडतो तोच म्हणायच्या, "कारणं सांगू नकोस." तेव्हा हा शुद्ध अन्याय वाटायचा. विचारलंत म्हणून तर सांगतोय! पुढे कधीतरी लक्षात आलं की बाईंच्या दोन वाक्यांत 'कारण' दोन वेगळ्या अर्थांनी आलेलं होतं. आधी त्यांना हवं होतं ते घडल्या गोष्टीमागचं 'का'. नंतर नको होती ती सबब. मराठीत दोन्हींना शब्द एकच, आणि पहिलं संपून दुसरं नेमकं कुठे सुरू होतं हे सांगणाऱ्यालाही पुष्कळदा कळत नाही.

हे सगळं आठवलं ते गेल्या पावसाळ्यात वलवणला, 'ब्लॅक फ्रायडे'वरून झालेल्या भांडणात.

आम्ही कॉलेजचे चौघं तिथल्या मित्राच्या घरी जमलो होतो. अनुराग कश्यपचा हा सिनेमा हॉस्टेलवर असताना आम्ही इतक्यांदा पाहिला होता की संवाद पडद्याच्या आधी आमच्या तोंडून यायचे. १९९३ च्या मुंबईतल्या बॉम्बस्फोटांवरचा, हुसेन झैदींच्या पुस्तकावर बेतलेला सिनेमा. त्याचा काळ सरळ चालत नाही. सुरुवात ९ मार्च १९९३ ला पोलीस ठाण्यात होते. गुल मोहम्मद नावाचा पकडलेला तरुण शहरात बॉम्ब फुटणार असल्याचं सांगतो आणि कोणी ते मनावर घेत नाही. मग १२ मार्च, स्फोट. मग तपास, मारझोड, बादशाह खानचं गावोगाव पळणं. आणि हे बरंचसं झाल्यावर सिनेमा मागे जातो: बाबरी मशीद पडल्यानंतरच्या दंगली, टायगर मेमनचं जळलेलं ऑफिस, कट.

यावेळी आमच्यातल्या एकाने सिनेमाचे तुकडे करून ते तारखेनुसार लावून आणले होते. आम्ही सगळे सॉफ्टवेअरवाले. विस्कटलेली यादी दिसली की सॉर्ट करायला हात शिवशिवतात. 'पल्प फिक्शन'वर त्याने हा प्रयोग आधी केला होता. तिथे त्याला कळलेली गोष्ट गमतीची होती. मूळ सिनेमात व्हिन्सेंट मधेच मरतो आणि शेवटी ज्यूल्सबरोबर हॉटेलातून चालत बाहेर पडतो. ज्यूल्स हा धंदा सोडायचं ठरवतो, व्हिन्सेंट त्याला हसतो, आणि कोण जगणार, कोण मरणार हे आपल्याला आधीच माहीत असतं. तारखेनुसार लावलं की शेवट बुचचा होतो, मोटरसायकलवरून निघून जाणाऱ्या बॉक्सरचा. ज्यूल्सचा निर्णय कुठेतरी मधे हरवतो. टॅरंटिनोने क्रम मोडला नसता तर ती नुसती गुंडांची गोष्ट राहिली असती.

सॉर्ट केलेला 'ब्लॅक फ्रायडे' सुरू झाला तो दंगलींनी. घरं जळताना दिसली, कट शिजला, आणि लाइट गेली. ज्या तलावाच्या पाण्यावर खोपोलीला १९१५ पासून मुंबईसाठी वीज तयार होते, त्याच्या काठावर आम्ही मेणबत्ती शोधत बसलो. स्फोट अजून झालेच नव्हते. अंधारात यजमान मित्र म्हणाला, "इथेच थांबलो तर हा बदल्याचा सिनेमा झाला की रे. टायगर मेमन हीरो."

त्याला हे लागण्याचं कारण होतं. त्याचे बाबा १२ मार्चला दुपारी नरिमन पॉइंटला होते, एअर इंडियाच्या इमारतीपासून जवळच. त्यांना डाव्या कानाने आजही नीट ऐकू येत नाही. त्याचं म्हणणं, मूळ सिनेमाही पूर्ण प्रामाणिक नाही. दंगली शेवटाकडे ठेवल्या की प्रेक्षक त्याच डोक्यात घेऊन घरी जातो. शेवटचा शब्द गुन्हेगाराला मिळतो.

आम्ही सगळ्यांनी नकळत चौथ्या मित्राकडे पाहिलं. तो मुंब्र्याचा. त्याचं घर मूळचं जोगेश्वरीचं. १९९३ च्या दंगलीनंतर आजोबांनी तिथली खोली सोडली. आम्हाला वाटलं, हा तरी सॉर्ट केलेल्या सिनेमाची बाजू घेईल, दंगल आधी झाली ना! तो म्हणाला, "मला हा क्रम अजिबात नको. यात माझ्या आजोबांवर जे गुदरलं ते बॉम्बचं कारण म्हणून येतं. ते काय बॉम्बचं पहिलं प्रकरण होतं?"

मेणबत्तीच्या उजेडात कोणाला काही सुचेना. आमच्यापैकी एकाचाही तेव्हा जन्म झालेला नव्हता.

गोष्ट कुठून सुरू करायची हा प्रश्न त्या काळात सबंध महाराष्ट्राने भांडून पाहिला आहे. कोणी ६ डिसेंबर १९९२ पासून सुरुवात करतो, कोणी जानेवारीत जोगेश्वरीच्या राधाबाई चाळीत जिवंत जाळलेल्या माणसांपासून, कोणी १२ मार्चपासून. जो तो आपल्याला जखम झाली तिथून सुरुवात करतो. दंगलींच्या चौकशीसाठी नेमलेला न्यायमूर्ती श्रीकृष्ण आयोग राज्य सरकारने १९९६ च्या जानेवारीत गुंडाळला आणि मे महिन्यात पुन्हा सुरू केला तो मार्चचे स्फोटही चौकशीत घालून. म्हणजे चौकशीचा काळ किती आणि कुठवर, हीच राजकारणाची बाब होती. १९९८ साली आलेल्या अहवालाने दंगलींत ९०० मृत्यू मोजले, आणि स्फोट ही अयोध्येतल्या व मुंबईतल्या घटनांची प्रतिक्रिया होती असं म्हटलं. स्फोटांत २५७ माणसं गेली.

सिनेमालाही क्रमाचा हाच प्रश्न आडवा आला. २००५ साली प्रदर्शनाच्या तोंडावर आरोपींच्या बाजूने अर्ज झाला की खटल्याचा निकाल लागायचा असताना हा सिनेमा त्यांना आधीच दोषी ठरवतो. मुंबई उच्च न्यायालयाने प्रदर्शन थांबवलं. टाडा न्यायालयाने सप्टेंबर २००६ पासून निकाल द्यायला सुरुवात केली, शंभर जण दोषी ठरले, आणि सिनेमा ९ फेब्रुवारी २००७ ला लागला. आधी निकाल, मग गोष्ट. चाहता म्हणून ही मला नेहमी गळचेपी वाटत आली होती. त्या रात्री पहिल्यांदा त्यातला शहाणपणा दिसला. गोष्ट आधी सांगितली की निकाल तिच्या मागून फरफटत येतो.

मुंब्र्याच्या मित्राचं म्हणणं मात्र याच्याही पुढचं होतं, आणि ते पटायला मला बराच वेळ लागला. बॉम्बस्फोटांचा गुन्हा म्हणून खटला चालला, शिक्षा झाल्या, फाशीही झाली. दंगलींचा अहवाल आला, पण त्यांच्या खटल्यांत शिक्षा झालेली माणसं अगदी मोजकी. एका घटनेला आपण गुन्ह्याची जागा दिली आणि दुसरीला कारणाची. कारणाच्या जागी बसलेल्या गोष्टीला कोणी आरोपी विचारत नाही. जे दंगलीचा उल्लेख स्फोटांची सबब म्हणून करतात आणि जे त्या सबबीला भिऊन दंगलीचं नावच काढत नाहीत, ते दोघंही त्या ९०० माणसांना एकाच खोलीत बंद करतात.

यावर माझ्या धंद्यातलं एक उदाहरण आहे. तुलना लहान तोंडी मोठा घास आहे. माझ्या प्रसंगात कोणी मेलं नाही. पण क्रमाची लबाडी मी तिथेच जवळून पाहिली, कारण ती मीच केली. एका रात्री आमची सिस्टिम चार तास बंद पडली. नंतर घटनाक्रम लिहायचं काम माझ्याकडे आलं. मी पहिली ओळ लिहिली: रात्री ११:४० ला अमुक एकाने चुकीचा बदल चढवला. नवीन मुलगा होता. त्या ओळीत खोटं काहीच नव्हतं. तो बदल अडवणारी तपासणी दोन महिन्यांपूर्वी मी 'नंतर बघू' म्हणून बंद केली होती, एवढंच. ते मी लिहिलं, पण खाली, 'पार्श्वभूमी' या मथळ्याखाली, आणि सोबत डेडलाइनचं कारण जोडून. त्याची चूक घटना झाली, माझी चूक पार्श्वभूमी झाली. त्याला वर्षअखेरीस त्याची किंमत मोजावी लागली. मी गप्प राहिलो.

तेव्हापासून मला वाटतं, प्रश्न सरळ की उलट या क्रमाचा नाहीच. दुसऱ्याची गोष्ट आपण कृतीपासून सुरू करतो आणि स्वतःची कारणापासून, दोष इथे आहे. कृती आधी आणि कारण नंतर, हा कश्यपचा क्रम मला योग्य वाटतो. आधी मेलेल्या माणसांकडे बघायचं, मग मारणाऱ्याचं ऐकायचं, आणि ऐकायचं मात्र पूर्ण. यजमान मित्राची भीती खरी आहे. शेवटी ऐकलेलं मनात टिकतं. पण कारण आधी ऐकलं तर ते मेलेल्यांना झाकतं, आणि ऐकलंच नाही तर पुढच्या वेळीही पोलीस ठाण्यात कोणी गुल मोहम्मद सांगत राहील आणि समोरचा जांभई देईल. फक्त हा क्रम प्रत्येक कृतीला लागू करायला हवा. दंगलीलाही एकदा पहिल्या प्रसंगाची जागा मिळायला हवी, तिचे मेलेले, तिचे मारणारे, आणि मग तिची कारणं. मुंब्र्याचा मित्र एवढंच मागत होता.

लाइट दीड तासाने आली. उरलेला सिनेमा पाहिला. स्फोट आले तेव्हा यजमान मित्र उठून आत गेला, आणि थोड्या वेळाने मुंब्र्याचा मित्रही उठून त्याच्या मागे गेला. आत काय बोलणं झालं ते आम्ही विचारलं नाही.

पुण्याला परतल्यावर मी त्या नवीन मुलाला फोन केला. आता तो दुसऱ्या कंपनीत आहे. तपासणी मी बंद केली होती, हे पहिल्या वाक्यात सांगितलं. त्याने विचारलं, "का?" डेडलाइनचं माझ्या तोंडापर्यंत आलं होतं. मग वाटलं, त्याने विचारलंय, तर सांगायला हवं. पण त्याआधी त्याला त्याचं बोलू द्यावं. तो बराच वेळ बोलला.