गरीब कोंबडा आणि संकल्पी हिंसा

परसातल्या आठ-दहा कोंबड्यांना एक कोंबडा पुरतो. खुडूक कोंबडीखाली अंडी ठेवली की निघणाऱ्या पिलांत मात्र साधारण निम्मे नर असतात. त्यामुळे कोणता ठेवायचा हे ठरवताना बाकीच्यांचे काय होणार, हेही ठरून जाते. निवडीतला धर्माचा प्रश्न इथे आहे. तुऱ्यात किंवा वजनात नाही.

शांत जनावराला गावात ‘गरीब’ म्हणतात, अंगावर येणाऱ्याला ‘मारकं’. पाच-सहा महिन्यांपर्यंत बहुतेक कोंबडे गरीबच वाटतात. खरा स्वभाव वयात आल्यावर दिसतो. सकाळी खुराडं उघडून मूठभर दाणे टाकावेत. चांगला कोंबडा दाणा चोचीत उचलतो, खाली टाकतो, पुन्हा उचलतो आणि हलक्या आवाजात बोलावत राहतो. तलंगा धावत येऊन त्याच्या पुढ्यातले टिपतात. घार दिसली की त्याचा आवाज बदलतो आणि सगळ्या झुडपाखाली शिरतात. अंगण झाडणाऱ्या बाईच्या पायांवर मात्र तो झेप घेत नाही. मुंगूस आल्यावर सर्वांत आधी पळणारा कोंबडा गरीब नव्हे, भित्रा.

कोंबड्याच्या या गरीबपणाला सद्गुण म्हणावे का? विवेकाशिवाय सद्गुण नाही असे मानले, तर दोषही नाही. असील जातीचे नर माणसानेच झुंजीसाठी पिढ्यान्‌पिढ्या निवडले. त्यांच्या तापटपणाबद्दल त्यांनाच शिक्षा करणे म्हणजे आपले कर्म त्यांच्या खात्यावर मांडणे.

जैन परंपरेने हिंसेतल्या भावाचा विचार कोंबड्याच्याच कथेतून केला आहे. सोमदेवसूरींच्या ‘यशस्तिलक’मध्ये (इ. स. 959) आणि पुष्पदंतांच्या अपभ्रंश ‘जसहरचरिउ’मध्ये राजा यशोधर आईच्या आग्रहाखातर देवीला पिठाचा कोंबडा बळी देतो. रक्ताचा थेंबही सांडत नाही. तरीही मारण्याचा भाव होता, म्हणून माय-लेक अनेक जन्म पशुयोनीत फिरतात आणि एका जन्मी स्वतः कोंबडा-कोंबडी होऊन बाणाने मरतात. गृहस्थाच्या वाट्याला येणारी आरंभी (घरकामातली), उद्योगी (पोटापाण्याच्या कामातली) आणि विरोधी (स्वसंरक्षणातली) हिंसा जैन शास्त्र ओळखते. ठरवून केलेली संकल्पी हिंसा मात्र त्याने सोडायचीच असते. अंगावर आलेल्या कोंबड्याला सुपाने अडवणे विरोधी हिंसेत बसेल. वेगळे ठेवण्याची सोय असताना ‘मारका आहे’ म्हणून त्याची मान मुरगळणे बसणार नाही.

म्हणून कोंबड्याची निवड अंडी उबवायला ठेवण्याआधीच सुरू व्हायला हवी. खाण्याच्या अंड्यांसाठी कोंबडा लागतच नाही. तो लागतो पिलांसाठी. पिले हवीच असतील तर उरणारे नर कोंबड्यांपासून दूर, एकत्र ठेवण्याइतकी जागा आधी पाहावी. त्याहून बरे म्हणजे कुणाकडे जास्त झालेला, वर्षभराचा, स्वभाव कळलेला कोंबडा आणणे. नवे पिलू जन्माला घालावे लागत नाही, आणि कापला जाणारा एक जीव उद्या सकाळी दुसऱ्या अंगणात दाणे टिपायला बोलावतो.