शंकासमाधान : बोट ठेवलेले वचन

प्रश्न : पाळकसाहेब, सासूबाईंना डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितले आहे. आत्याबाईंनी प्रार्थना केली, डोळे मिटून बायबल उघडले आणि बोट पडले ती ओळ वाचून ‘देवाची परवानगी नाही’ असे सांगितले. आता सासूबाई ऑपरेशनला तयार नाहीत. मी रोज पहाटे पाणी भरून झाल्यावर शास्त्र वाचते, पण मला देवाची वाणी कधीच ऐकू आली नाही. माझा विश्वास कमी आहे का?
— एक भगिनी, भोईवाडा, परळ

उत्तर : ताई, तुमचा विश्वास कमी नाही आणि ऑपरेशन लांबवू नका.

मत्तयाचा चौथा अध्याय काढा. प्रभू येशूची परीक्षा पाहताना सैतानानेही वचनच पुढे केले, तेही 91व्या स्तोत्रातले. प्रभूने त्याला उत्तर दिले ते शास्त्रातूनच. मागचापुढचा संदर्भ सोडला की एका ओळीतून हवे ते वदवून घेता येते. देव औषधाच्या विरोधात असता, तर शुभवर्तमान लिहिणाऱ्या लूकचा वैद्य म्हणून पौलाने प्रेमाने उल्लेख केला नसता. केईएम आणि टाटा रुग्णालयात उपचार मिळावेत म्हणून लांबून आलेली माणसे तुमच्याच भागात फुटपाथवर दिवस काढतात. तुमच्या दाराशी असलेली ही सोय देवाचीच देणगी समजा.

आता वाणीविषयी. बाल शमुवेलाला देवाची हाक आली तेव्हा तीनदा त्याला ती याजक एलीचीच वाटली. ती कोणाची, हे म्हाताऱ्या एलीने ओळखले. म्हणून जे ऐकले असे वाटते, ते मंडळीतल्या जाणत्यांपुढे ठेवावे.

आणि वचन कसे वाचावे, याचे एक उदाहरण पाहा. 1893 साली कवी नारायण वामन टिळकांना आगगाडीत एका युरोपीय प्रवाशाने नवा करार दिला. ते तो क्रमाने वाचत गेले आणि डोंगरावरील प्रवचनापाशी खिळून राहिले. पुढे 1895 मध्ये मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला, त्यापायी पत्नी लक्ष्मीबाईंचा काही वर्षांचा दुरावाही सोसला. वचन जिवंत असते ते असे : वाचणाऱ्याचे आयुष्य ते हलवते.

तुम्हीही मार्काचे शुभवर्तमान पहिल्या अध्यायापासून घ्या. रोज थोडेच वाचा आणि विचारा, ‘प्रभू, आज मी काय करू?’ एखाद्याला क्षमा करावी, शेजारच्या आजाऱ्याकडे जावे, असे मनाने घेतले तर ते टाळू नका. देवावर आणि शेजाऱ्यावर प्रीती वाढवते ती वाणी त्याची; नुसती भीती घालते ती पारखून घ्यावी.

आत्याबाईंना दुखवू नका. त्यांच्याजवळ बसून मत्तयाचा तो अध्याय दोघी मिळून वाचा, प्रार्थना करा आणि याच आठवड्यात ऑपरेशनची तारीख घ्या.