अंगावरची ठेव

जुन्नर तालुक्यातल्या एका गावात एक मुलगी पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली होती. मुलगी झाली, दोघी सुखरूप होत्या. आईने शेक-शेगडी केली, डोक्याला तेल घातलं, अळिवाची खीर आणि डिंकाचे लाडू केले. लेक सकाळी एक लाडू खायची, चहाबरोबर दुसरा, आणि आल्यागेल्याच्या आग्रहाने तिसरा-चौथाही. दोन महिने बहुतेक वेळ खाटेवरच गेले.

बाळ दहा आठवड्यांचं झालं तेव्हा सासरहून निरोप आला. दिराचं लग्न ठरलं होतं आणि मुहूर्त दीड महिन्यावर होता. मुलीने ट्रंकेतून लग्नातला पैठणीचा ब्लाउज काढून घालून पाहिला. एकही हूक लागेना. लग्नाआधी वजन छप्पन किलो होतं, आता काटा सहासष्टवर होता. त्यात शेजारची एक बाई म्हणून गेली, "अगं, केवढी सुटलीस!" बाळंतिणीला असलं बोलायला जीभ कशी रेटते कोण जाणे. पोरीच्या ते जिव्हारी लागलं.

तिने फोनवर शोधलं. महिन्यात दहा किलो उतरवून देणारे तिथे पैशाला पासरी. दुसऱ्या दिवसापासून तिने सकाळी काळी कॉफी, दुपारी काकडी आणि रात्री वाटीभर वरणाचं पाणी, असं सुरू केलं. लाडवांचा डबा भावाच्या पुढ्यात गेला. आईला म्हणायची, "भूक नाही गं." आईला वाटलं, जागरणाने अन्नावरची वासना गेली असेल.

आठवडाभरात काटा तीन किलो खाली आला आणि ती हरखली. पण एवढ्या झपाट्याने उतरतं त्यात पुष्कळसं नुसतं पाणी असतं, हे तिला कोण सांगणार? पुढच्या आठवड्यात वजन अडलं, म्हणून तिने वरणाचं पाणीही अर्ध्यावर आणलं. मग उठताना डोळ्यांपुढे अंधारी यायला लागली. बाळाला घेऊन उंबरा ओलांडताना भिंत धरावी लागे. रात्री बाळ छातीशी लागे, सोडे, रडे, पुन्हा लागे. आईला वाटलं पोट दुखतंय, म्हणून ती ओव्याचा शेक देत राहिली.

चौदाव्या आठवड्याची लस आली. उपकेंद्रात सिस्टरने बाळाचं वजन केलं, माता-बाल संरक्षण कार्ड उघडलं आणि पेन हातात धरून थांबली. दहाव्या आठवड्याला बाळ चार किलो नऊशे होतं, आज पाच किलो शंभर. या वयात चार आठवड्यांत सहा-सातशे ग्रॅम वाढायला हवेत, इथे दोनशेच भरले होते. कार्डावरची रेघ वर चढता चढता आडवी झाली होती.

"दिवसातून किती वेळा लंगोट ओला होतो?"

"चार-पाच वेळा."

"सहाच्या खाली जायला नको. बाळाला ताप, जुलाब काही? आणि तू काय खातेस?"

पहिल्याला मुलीने नाही म्हटलं, दुसऱ्याला गप्प राहिली. मग रडत रडत सगळं सांगून मोकळी झाली. आईने कपाळाला हात लावला. "अगं, मग आजपासून वरचं दूध सुरू करते."

"वरचं दूध लगेच नको," सिस्टर म्हणाली. तिने बाळाला पाजायला लावलं आणि तोंड नीट लागतंय का ते पाहिलं. ते नीट होतं. "आधी हिला जेवायला घाला. बाळाला मागेल तेव्हा पाजायचं, रात्रीसुद्धा. उद्या आरोग्य केंद्रात डॉक्टरांना दोघींना दाखवा, हिचं रक्तही तपासून घेऊ. आठ दिवसांनी मी पुन्हा वजन करीन."

सिस्टर रागावली नाही, हे फार बरं केलं. तिने बाक ओढला आणि मुलीला शेजारी बसवलं. "नुसतं अंगावर पिणाऱ्या बाळाला तुझं शरीर दिवसाला सुमारे पाऊण लिटर दूध देतं. त्याला रोज पाचशे कॅलरींच्या आसपास खर्च होतो. म्हणजे दोन भाकऱ्या, वाटीभर आमटी आणि मूठभर शेंगदाणे, एवढं अन्न बाळाकडे जातं. तू नाही खाल्लंस तरी शरीर आधी बाळाचंच बघतं. तुझ्या हाडांतला चुना काढतं, तुला थकवतं. फारच आबाळ झाली की मग दूधही आटतं."

"म्हणजे मी अशीच राहू?" मुलीने विचारलं. प्रश्न रास्त होता. बाईला आपलं अंग पूर्वीसारखं व्हावंसं वाटलं तर त्यात लाजण्यासारखं काही नाही.

उत्तर आईने दिलं. ती गावच्या बचत गटाची खजिनदार. "गटात आपण हप्त्याने पैसे साठवतो की नाही? ते एकीने एका दिवशी सगळे काढून नेले तर गट मोडतो. गरजेपुरते काढले तर पैसे कामी येतात आणि गटही टिकतो. पोटुशी असताना तुझ्या अंगावर ही ठेव साठली ती या पोरीसाठीच. नऊ महिन्यांत साठली, तिला उतरायलाही तेवढे दे. रोज थोडी काढ, मोडू नकोस."

सिस्टर हसली. "आईंनी माझं काम केलं. पण आई, रोजचे चार लाडू बंद. एकेका लाडवात दोन-अडीचशे कॅलरी असतात. एक पुरे."

आईला ते जड गेलं, पण तिने मान डोलावली.

मग सिस्टरने हिशोब सांगितला. आठवड्याला अर्धा किलो, महिन्याला दोन किलो, त्याहून घाई नाही. दिवसाचं खाणं अठराशे कॅलरींच्या खाली न्यायचं नाही. कमी करायची ती साखर, खारी-टोस्ट आणि फरसाण. भाकरी, डाळ, पालेभाजी, दूध-दही आणि चालत असेल तर अंडं, हे ठेवायचं. तहान लागेल तेव्हा पाणी प्यायचं, पाजायला बसताना तांब्या जवळ असावा. लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या बाळंतपणानंतर सहा महिने घ्यायच्या. वजन उतरवणारा चहा, पावडर, गोळी यांतलं काहीही नाही. सिझर झालेलं नाही, तेव्हा बाळाला पाजून रोज वीस मिनिटं चालायला हरकत नाही, आधी चक्कर तेवढी थांबू दे. सवय झाली की अर्धा तास. माफक चालण्याने दूध कमी होत नाही.

डॉक्टरांनी दोघींना तपासलं. बाळ ठीक होतं, मुलीचं रक्त थोडं कमी भरलं आणि गोळ्यांचा डोस वाढला. आठ दिवसांनी बाळ दोनशे ग्रॅमनी वाढलेलं होतं, लंगोट सात-आठ वेळा ओला होत होता. मुलीचं वजन मात्र दीड किलो परत चढलं. ते पाणी होतं. तरी त्या दिवशी काट्यावरून उतरताना तिचे डोळे भरून आले, आणि आईने तिला काही न बोलता ताक दिलं.

लग्नाला ती पैठणीच नेसली. शिंप्याने ब्लाउजची आतली माया उसवून दोन्ही बाजूंनी इंचभर सोडली, खांद्याला पट्टी जोडली. वऱ्हाडात कोणाचं लक्षही गेलं नाही. सगळ्या बायकांनी आधी बाळाला घेतलं.

बाळाचं उष्टावण सहा महिने पूर्ण झाल्यावर झालं, तेव्हा मुलगी साठ किलोवर आली होती. संध्याकाळचं चालणं सुटलं नव्हतं. कधी गल्लीच्या टोकापर्यंत, कधी पार मारुतीच्या देवळापर्यंत. आता बाळ खिमट खाऊ लागलं होतं, अंगावरचं पिणं हळूहळू कमी होणार होतं, तेव्हा त्या बेताने स्वतःचंही खाणं कमी करत जा, असं सिस्टरने फोनवर सांगितलं. मुलीने तेच आईला कळवलं.

"म्हणजे नक्की किती?" आईने विचारलं.

"आत्ता अर्धी भाकरी. पुढचं पुढे बघू."

"आणि लाडू?"

"एक. तो राहू दे."

"मग उद्या अळीव भिजत घालते," आई म्हणाली.